लढाईतले बोल्ट

अण्णा,

तू गेल्यापासून घरी माणसांची रीघ लागली आहे. येणारा प्रत्येक जण आईला तुझ्या शौर्याचं सांगतो. समोरून यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून पाठीत वार केले, असं म्हणतात. आई मान हलवते. मी पाणी आणून देते आणि गप्प बसते, कारण तुझ्या अंगावरचं रक्त मी पुसलेलं आहे. तू जीपखाली उताणा पडून काम करत होतास. तुझे पाय तेवढे बाहेर होते. मारेकऱ्याने आधी मांडीत चाकू घातला, मग पाय धरून तुला बाहेर ओढलं, आणि तू वळून उठायला गेलास तेव्हा तुझी पाठ त्याच्यापुढे आली. भर दुपारी, रस्त्याला लागून असलेल्या आपल्या शेडमध्ये झालं हे.

लोकांना तू मारामारी करणारा माणूस म्हणून माहीत होतास. तो तू होतासच. पण मी तुझी धाकटी बहीण, आणि गेली काही वर्षं त्या शेडमध्ये तुझ्या शेजारी बसून काम केलं आहे. तुझ्याशी जे बोलायचं राहिलं ते त्या लोकांपुढे कसं बोलू? म्हणून इथे बोलते आहे.

लढाई संपून तू ब्रह्मदेशातून परत आलास तेव्हा बाबा नुकतेच गेले होते आणि मी लग्न होऊन ठाण्याला सासरी होते. बाबांना तू त्यांच्यासारखा कचेरीत लागायला हवा होतास. तू लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला शिकून आला होतास आणि तुला दुसरं काहीच करायचं नव्हतं. विठ्ठलवाडीच्या बाजूला लष्कराची छावणी होती. सैनिक गेले, बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला लागली, आणि मागच्या मैदानात लढाईतल्या जीपा आणि ट्रक गवतात उभे राहिले. कुणाला चाकं नाहीत, कुणाला इंजिन नाही. लिलावात घेणारे बहुतेक जण भंगार म्हणून घेत आणि घण घालून फोडत. तू त्यातली जगण्यासारखी जीप शोधायचास, आणि ती जशी लढाईत होती तशी पुन्हा उभी करायचास.

काशिनाथ तुला तिथेच भेटला. कोपरीचा आगरी घरातला मुलगा, वडील मिठागरावर, आणि तोही तुझ्यासारखाच लढाईत ट्रक चालवून आलेला. एका जीपच्या डाव्या चाकाचे नट तो छिन्नीने तोडत बसला होता. तू लांबून ओरडलास, की डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, नट उलटा फिरव, तोडू नकोस. तो म्हणाला, "तुजी गारी हाय का?" तू त्याच्या हातातली छिन्नी हिसकावलीस. त्याने तुझा दात पाडला. तू पान्याने त्याची भुवई फोडलीस. मग रक्त पुसत पुसत त्याने नट उलटा फिरवून पाहिला, आणि तो निघाला. तू सांगायचास की त्यावर तो तुझ्याकडे बघून हसला. काशिनाथ म्हणायचा, "हसलू नाय, मना चक्कर आलेली."

मी घरी परत कशी आले, ते आपल्या घरात कधी मोठ्याने बोललं गेलं नाही. माझा नवरा मला मारायचा हे आईला माहीत होतं, मला वाटतं तुलाही होतं. तू अचानक ठाण्याला आलास त्या दुपारी त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं होतं. मी डोक्यावर पदर घेऊन तुझ्या चहाचं आधण ठेवत होते. तू आत आलास, पदर बाजूला केलास. केस रक्ताने चिकटले होते. तू त्याला काही विचारलं नाहीस. बाहेर जाऊन त्याचा हात धरलास, दाराच्या चौकटीत ठेवलास आणि दार लोटलंस. मग पुन्हा एकदा लोटलंस. सासूबाई किंचाळत होत्या. तू मला म्हणालास, "चल."

मी म्हटलं, "आधण ठेवलंय."

तू स्वयंपाकघरात गेलास, पातेलं उतरवून खाली ठेवलंस, लाकडं मागे ओढलीस आणि माझी पत्र्याची पेटी उचललीस. आपण चालत स्टेशन गाठलं. गाडीत मला झोप लागली. कितीतरी महिन्यांत मी तशी झोपले नव्हते.

पण एक सांगते, अण्णा. त्या दाराचा आवाज माझ्या कानातून गेला नाही. घरी आल्यावर काही दिवसांनी तू फळीवरचा डबा काढायला माझ्या डोक्यावरून हात नेलास आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. तू तसाच थांबलास. डबा काढला नाहीस. त्यानंतर माझ्या आसपास तू हात कधी झटकन वर नेला नाहीस. काही हवं असलं तर मला सांगायचास, "कुसुम, ते जरा दे." शेडमध्ये घण मारायच्या आधीसुद्धा मला हाक मारून सांगायचास. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. माझ्या लक्षात आलं होतं, एवढं आज सांगते.

टाकलेली बाई गाड्यांच्या शेडमध्ये बसते म्हणून लोक बोलले. तुला त्याची पर्वा नव्हती आणि आईला तू बोलू दिलं नाहीस. रॉकेलच्या डब्यांत भिजत घातलेले बोल्ट घासायचे आणि वेगळे करायचे, हे माझं काम. जीपा अमेरिकन, ट्रक बरेचसे विलायती, आणि दोन्हींचे आटे वेगळे. दिसायला बोल्ट सारखेच. चुकीचा बोल्टही पहिल्या एकदोन फेऱ्यांना जातो, मग अडतो, आणि मग माणूस पाना लावून जोर करतो. पहिल्याच आठवड्यात मी तो जोर केला होता. तू माझ्या हातातून पाना काढून घेतलास.

"जोर करायचा नसतो. सुरुवातीचे आटे बोटांनी बसले पाहिजेत. बोटांनी नाही बसला तर तो त्या गाडीचा नाही, दुसरा बघ."

तुझ्या तोंडून हे ऐकताना मला हसू आलं. तुला कशाचं ते कळलं नाही.

तुझा हट्ट असा, की लढाईतल्या गाडीला लढाईतलाच बोल्ट. त्या वेळच्या पोलादाचा, डोक्यावर कारखान्याचं अक्षर उमटलेला. गिऱ्हाइकं म्हणायची, बोल्ट तो बोल्ट, कुठलाही लावा. काशिनाथही म्हणायचा. तू ऐकायचा नाहीस. एका खटाऱ्याचे दोन बोल्ट मिळवायला तू आख्खा दिवस मैदानात घालवायचास, आणि दुसऱ्या कुणी ते आधी काढलेले असले की भांडण. एकदा ओठ फाटला, एकदा बरगडीला मार बसला, एकदा तू दुसऱ्याच्या जबड्याचं हाड मोडून आलास आणि तुझ्या खिशात फक्त नटांची पुरचुंडी होती. मी हळद लावायची आणि बोलायचं नाही, अशी रीत पडली.

एक दिवस मात्र मारामारीशिवाय गेला. सैनिकांनी जाताना सुटे भाग खड्ड्यात पुरलेत असं काशिनाथने कुठूनसं ऐकलं होतं. जागा एका बराकीमागे निघाली. तिथे एक सिंधी म्हातारी राहायची. आपल्याला वाटलं हाकलून देईल. तिने आधी पापड आणि पाणी दिलं, मग कुठे खणायचं ते दाखवलं, कारण पावसाळ्यात तिथली माती खचत होती. तुम्ही दोघांनी खणलं, मी माती ओढली. लाकडी खोका कुजला होता. आत मेणकागदात, ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेले बोल्ट निघाले, काल कारखान्यातून आल्यासारखे. काशिनाथ मातीत बसून मोठमोठ्याने हसत होता. तू एक बोल्ट धोतराला पुसलास आणि म्हातारीच्या हातात दिलास. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. तिला तो कशाला हवा होता? पण तुझा चेहरा असा झाला होता की तिने तो नीट पाहिल्याशिवाय परत केला नाही.

तो खोका संपला आणि त्यानंतर वाईट दिवस आले.

काशिनाथने स्वतःची जीप घेतली होती. टिटवाळा स्टेशनावर उतरलेली माणसं आतल्या गावांना नेऊन सोडायचा. जीपच्या स्टिअरिंगचा दांडा खिळखिळा झाला होता, त्याचे बोल्ट बदलायचे होते. अंगारकीची गर्दी तोंडावर आलेली आणि काशिनाथ घाई करत होता. खोक्यातले संपलेले, मैदान रिकामं झालेलं. तू रघू शेठकडे गेलास. स्टेशनजवळ त्याचं भंगाराचं दुकान होतं. त्याने पुडा पुढे टाकला, लढाईतलाच माल, डोक्यावर तेच अक्षर. तू वरचा एक घेऊन, पोलाद कठीण आहे का ते कानस मारून पाहिलास. चांगला होता. बाकीचे पाहिले नाहीस.

अंगारकीच्या सकाळी नदीकडच्या उतारावर बोल्ट तुटला. चाकं वळेनात. जीप झाडावर गेली. मागची माणसं हातपाय मोडून वाचली. स्टिअरिंग काशिनाथच्या छातीत घुसलं होतं. तू आणि त्याचा धाकटा भाऊ धर्मा, दोघांनी पहारीने पत्रा फाकवून त्याला काढलं. तू परत आलास तेव्हा तुझा सदरा पुढून काळा झाला होता आणि मुठीत तुटलेला बोल्ट होता. शेडमध्ये येऊन तू त्याला कानस लावलीस. तो खडूसारखा झिजला. मऊ लोखंड, लेथवर कातलेलं, डोक्यावर खोटं अक्षर ठोकलेलं. पुड्यात वरचे तेवढे खरे होते.

तू पाना घेऊन निघालास. मी तुझ्यामागे धावले. "अण्णा, थांब" असं मी किती वेळा म्हटलं ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. रघू शेठ गादीवरून उठायच्या आत तू त्याच्या तोंडावर पाना मारलास. त्याचे दात सांडले. त्याला फरफटत मागे नेलंस. तिथे टेबलाला लोखंड पकडायचा शिकंजा होता. त्यात त्याची बोटं घातलीस आणि दांडा फिरवायला लागलास. "बोल, काशीला कुणी मारलं?" दर फेरीला विचारत होतास. तो कबूल करत होता. पहिल्याच फेरीला त्याने कबूल केलं होतं. तू फिरवतच राहिलास. मी तुझा हात धरला, तुझ्या दंडाला चावलेसुद्धा. दुकानात त्याचा पुतण्या सदा होता. भिंतीला चिकटून उभा होता, पांढराफटक. चुलत्याची बोटं फुटताना त्याने पाहिली.

तुला शिक्षा झाली. बोल्ट खोटे निघाले याबद्दल कुणालाच काही झालं नाही. काशिनाथ अपघातात गेला, असंच शेवटी कागदावर आलं.

ठाण्याच्या तुरुंगात मी तुला भेटायला यायचे. पहिल्याच भेटीत आपलं वाजलं. तू म्हणालास, "त्याची फक्त बोटंच मोडली. जीव घ्यायला हवा होता."

"त्याची बोटं मोडून काशी उठून बसला का?"

तू जाळीपलीकडून अगदी शांतपणे म्हणालास, "तुझ्या नवऱ्याचं मनगट मोडलं तेव्हा हे विचारलं नाहीस."

मी उठून आले. पुढच्या भेटीला आपण आईच्या गुडघ्यांबद्दल आणि शेडच्या पत्र्याबद्दल बोललो, आणि पुढेही तसंच. अण्णा, त्याचं पूर्ण उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. तू दार लोटलंस म्हणून मी आज जिवंत आहे, हे खरं. पहिल्यांदा लोटलंस तेवढ्यानेच माझी सुटका झाली होती, हेही खरं. दुसऱ्यांदा लोटलंस ते कुणासाठी? शिकंजा पहिल्या कबुलीनंतर फिरवत राहिलास ते कुणासाठी? काशिनाथच्या गाडीत ते बोल्ट तुझ्या हातांनी बसले होते. मी हे तुला कधी बोलले नाही, धर्माही बोलला नाही. तुला मात्र ते रोज ऐकू येत असणार.

सुटून आलास तेव्हा केस पिकले होते. पुन्हा शेड उघडलीस. आता प्रत्येक बोल्टला, अगदी पत्र्याच्या बारीक स्क्रूलासुद्धा, तू कानस लावून बघायचास. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. मारामारी पूर्ण थांबली होती. कुणी शिवी दिली तरी तू खाली बघून काम करायचास. मला वाटायला लागलं होतं की आता आपण म्हातारे होईपर्यंत असेच बसू.

त्या दुपारी मी नळावर होते. ओरडा ऐकून आले तर तू शेडच्या तोंडाशी पालथा पडला होतास आणि मातीत कोपरं रोवून पुढे सरकायचा प्रयत्न करत होतास. शेजारच्या माणसांनी हातगाडी आणली. मी गाडीबरोबर धावत होते, माझा पदर तुझ्या पाठीवर दाबून धरला होता आणि तो भिजून जड झाला होता. दवाखान्यात डॉक्टर हात धुवायला गेले तेवढ्यात तू मला जवळ बोलावलंस.

"सदा होता. रघूचा पुतण्या."

"बोलू नकोस आता."

"पोलिसाला सांगू नकोस. धर्माला सांग."

मी "बरं" म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? दिवे लागायच्या आत तू गेलास.

पोलीस आले, विचारून गेले. मी नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी धर्मा आला. गोणपाटात गुंडाळलेला कोयता त्याने ओट्यावर ठेवला.

"ताई, अण्णा काय बोलला? मना नाव सांग फक्त. बाकी मी बगतो."

अण्णा, नाव माझ्या ओठांवर होतं. तुझी राख अजून सावडायची होती. सदाच्या गळ्यावर तो कोयता फिरताना मी मनात पाहिला आणि मला बरं वाटलं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मग धर्माच्या पायांकडे लक्ष गेलं. मिठागरातल्या पाण्याने भेगाळलेले पाय. काशिनाथ गेल्यापासून त्याची पोरं धर्माच्या ताटात जेवतात. धर्मा फासावर गेला तर ती कुणाच्या ताटात जेवतील? आणि सदाच्या घरातलं कुणी मग धर्माच्या पोरांवर हात टाकल्याशिवाय राहील का?

"उद्या ये," मी म्हटलं.

सकाळी उठून मी पोलीस चौकीवर गेले आणि सदाचं नाव सांगितलं. तू काय म्हणालास ते शब्द न बदलता सांगितलं. फक्त "धर्माला सांग" एवढं सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्याला उचलला. मामाच्या घरी पोटमाळ्यावर लपला होता.

धर्मा आला तो आरडाओरडा करत नाही आला. शेडमध्ये आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"तू चौकीवर गेलीस?"

"गेले."

"अण्णाने तसं सांगितलं?"

"नाही. त्याने तुला सांगायला सांगितलं होतं."

त्याने हात उचलला. या वेळी मी डोकं झाकलं नाही. कसं कोण जाणे, उभी राहिले. "मार," मी म्हटलं. "मी यापेक्षा मोठ्या हातांचा मार खाल्लाय."

त्याचा हात वरच राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि टायरवर बसून रडायला लागला. काशिनाथला जाळला तेव्हाही तो रडला नव्हता, असं त्याची बायको मला सांगायची. डोळे पुसून त्याने विचारलं, "काशीच्या टायमाला कोर्टाने काय केलं? आता काय करल?"

"माहीत नाही."

"सुटला तर?"

"सुटेलही."

"मंग?"

"मग मी दुसऱ्या कोर्टात जाईन."

तो कोयता घेऊन गेला. परत येईल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या बायकोने काल आईसाठी मीठ पाठवलं, एवढंच.

खटला उभा राहील तेव्हा मला पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगावं लागेल. शिकंजाही सांगावा लागेल, अण्णा. सदाने भिंतीला टेकून काय पाहिलं ते त्याचा वकील विचारील आणि मी खोटं बोलणार नाही. लोक म्हणतील, बहिणीने भावाला मेल्यावरही सोडलं नाही. तूही रागावशील. जाताना तू मला एकच काम सांगितलंस, मी "बरं" म्हटलं, आणि ते केलं नाही. पुन्हा विचारलंस तरी करणार नाही.

तुझी,
कुसुम